आज शाळा नाही का?

मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं आम्ही ठरवलं, तेव्हा ही आमच्या घरातली गोष्ट आहे असा माझा समज होता. पहिल्याच सोमवारी तिला घेऊन बेकरीत गेलो आणि तो समज तिथेच संपला. बेकरीवाल्यानं पाव बांधता बांधता आधी मुलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आज शाळा नाही का?"

मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. वर्षभराची रीतसर परवानगी आहे, शिक्षण खात्याचा शिक्का आहे, आता ती घरीच शिकते, वगैरे. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे नापास झाली?" असं विचारलं आणि तिच्या हातात एक बिस्किट ठेवलं. हा माणूस सुट्टे पैसे द्यायचे म्हटलं तरी कपाळाला आठ्या घालतो. त्याच्या दुकानात फुकट बिस्किट मिळालं, म्हणजे परिस्थिती किती वाईट असेल याचा विचार करत मी घरी आलो.

खरं म्हणजे आमची मुलगी कशातही नापास नाही. ती सावकाश आहे. गणित तिला येतं, पण तिचं उत्तर येईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. मधली सुट्टी संपली की सगळी मुलं धावत वर्गात शिरायची आणि ही डब्याचं झाकण नीट लावून, पाणी पिऊन, वाटेत एखादी मुंगी दिसली तर तिला वाट देऊन निघायची. तोपर्यंत दाराला आतून कडी लागलेली असायची. मग ही बाहेर उभी. रडायची नाही. कडी उघडेपर्यंत दाराचा रंग बघत उभी राहायची. एकदा मी काही कामानं शाळेत गेलो असताना तिला तशी पाहिली, आणि माझं डोकं फिरलं.

इथे माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं. मी शहराच्या बससेवेत वेळापत्रकं तयार करतो. तुमच्या थांब्यावर बस ज्या वेळेला येत नाही, ती वेळ मी ठरवलेली असते. लोक हसतात, हसू देत. पण या कामात एक गोष्ट पक्की कळते. प्रत्येक मार्गाचा स्वभाव वेगळा असतो. चढाचा मार्ग असला, बाजारातून जाणारा असला, की त्याला वेळ वाढवून द्यावा लागतो. तो दिला की तीच गाडी अगदी वेळेवर पोचते. हे मी तिच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या वर्गात चाळीस गाड्या आहेत." यावर मला चोख उत्तर सुचलं, पण ते घरी आल्यावर, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर मी साहेबांना सांगून दुपारची पाळी मागून घेतली. दुपारची पाळी मागून घेणारा कर्मचारी आमच्या खात्यानं पूर्वी पाहिला नव्हता. "घरी काही भांडण वगैरे?" असं साहेबांनी हळूच विचारलं. बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, ती सकाळी जाते आणि दुपारी परत येते. म्हणजे सकाळ माझी आणि मुलीची.

ही सकाळ मला किती हवी होती हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी पहिल्या पाळीला होतो. पहाटे निघायचो तेव्हा मुलगी म्हणजे पांघरुणाखालचा एक उंचवटा. संध्याकाळी परत यायचो तेव्हा ती शाळेनं दमलेली आणि मी बसनं. ती मोठी होत होती हे मला तिचे बूट बघून कळायचं. आता पहिल्यांदाच मला दिसत होतं की ती बुटाची नाडी बांधताना गुणगुणते. संत्रं सोलताना साल तुटू नये म्हणून श्वास रोखते. एखादी गोष्ट कळली की हसत नाही, उलट थोडी गंभीर होते. हे सगळं मी आजवर बघितलंच नव्हतं. बघता बघता माझा चहा गार व्हायचा.

अर्थात शिक्षणाकडे माझं दुर्लक्ष नव्हतं. मी खात्याच्या पद्धतीनं एक वेळापत्रक केलं. भाषेची फेरी, गणिताची फेरी, प्रत्येक फेरीनंतर विश्रांती, उशीर झाला तर भरून काढायला राखीव वेळ. ते मी स्वयंपाकघराच्या दारावर लावलं आणि बायकोला दाखवलं. तिनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं.

"यात ती दात कधी घासणार?" बायकोनं विचारलं.

ते राहिलं होतं. मुलगी दात घासते म्हणजे एकेका दाताची विचारपूस करते. त्यामुळे पहिली फेरी उशिरा सुटली, तिच्यामुळे दुसरी अडली, आणि इतिहासाची फेरी आठवडाभर रद्द झाली. माझ्या अख्ख्या नोकरीत माझ्या एवढ्या फेऱ्या कधी रद्द झाल्या नव्हत्या. शेवटी मी तो कागद काढला आणि ठरवलं की बाहेर जाऊ तिथे शिकू.

बाहेर म्हणजे तो प्रश्न. भाजीवालीकडे वजनं शिकायला गेलो, "आज शाळा नाही का?" बँकेत बसून नोटांवरची चित्रं बघत होतो, तिथे रोखपालानं काचेआडून तोच प्रश्न विचारला. न्हाव्यानं तर माझ्या गळ्यावर वस्तरा असताना विचारलं, तेव्हा मी जास्त वाद घातला नाही. सुरुवातीला मी सगळ्यांना पूर्ण खुलासा द्यायचो. पुढे "सुट्टी आहे" म्हणू लागलो. पण रोज सुट्टी कशी असेल, असं लोक विचारू लागले. एकदा औषधांच्या दुकानात कंटाळून मी म्हणून गेलो, "बरं नाही तिला." औषधवाला आपुलकीचा माणूस. त्यानं औषध काढायला म्हणून आजाराचं नाव विचारलं, मी ते सांगू शकलो नाही, आणि माझ्या गप्प बसण्याचा त्यानं काढायचा तो अर्थ काढला.

संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी पसरली होती. दुसऱ्या दिवशी वरच्या काकू आल्या, हातात सूप. वरच्या काकू म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या, निवृत्त परिचारिका. त्यांची स्वतःची मुलं परदेशी, त्यामुळे उरलेली सगळी माया आमच्या जिन्यात वाहते. त्यांनी मुलीची नाडी पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ बघितली.

"हिला तर काहीच झालेलं नाही!" त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. स्वर असा, की मी त्यांना फसवलं.

मग मला खरं सांगावं लागलं. आजार असता तर काकू निर्धास्त झाल्या असत्या, आजाराचं त्यांना सगळं येतं. पण मूल ठणठणीत आहे आणि शाळेत जात नाही, हे ऐकून त्यांचा चेहराच उतरला.

"अहो, पण ती माणसांत कधी मिसळणार?"

"तुम्ही आलात की," मी म्हटलं.

हे बोललो ते चुकलं. काकूंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे मिसळण्यासाठी माणसं येऊ लागली. इमारतीचे सेक्रेटरी येऊन तिला सामान्य ज्ञानाचे प्रश्न विचारून गेले. त्यांनी राजधान्या विचारल्या. मुलगी विचार करत होती, तेवढ्यात उत्तरं त्यांनीच दिली आणि "हुशार आहे" म्हणून निघून गेले. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांची जुळी मुलं शाळा सुटल्यावर खेळायला पाठवली जाऊ लागली. ती दोघं सापशिडी खेळायची तर मुलीनं फासा हातात घेऊन खुळखुळवेपर्यंत एकजण जिंकलेला असायचा. मग दोघं आमच्या सोफ्यावरून उड्या मारायची आणि ती फासा टाकून, घरं मोजून, एकटीच वर चढायची. शिडी लागली की मान वर करून बघायची, कुणी बघतंय का. मी तर दुपारी कामाला गेलेलो असायचो. हे मला बायकोनं सांगितलं, आणि सांगताना ती भाजी चिरायची थांबली.

मी म्हटलं, "लहान आहेत ती. शिकतील."

बायको परत भाजी चिरू लागली, जरा जोरात. तिची ही सवय मला आवडत नाही.

याच सुमारास बालकल्याण खात्याचं पत्र आलं. 'आपल्या पाल्याच्या हिताबद्दल परिसरातून काळजी व्यक्त झाल्याने अधिकारी कधीही भेट देतील.' मी तसाच जिना चढून वर गेलो.

"काकू, तुम्ही आमच्याविरुद्ध तक्रार केलीत?"

"तक्रार कशाला करू?" काकूंना खरंच वाईट वाटलं. "काळजी कळवली. तिथे दोन्हीसाठी वेगळ्या खिडक्या आहेत. मी मुद्दाम काळजीच्या खिडकीत उभी राहिले, रांग मोठी होती तरी."

आता अशा माणसाशी भांडायचं कसं? त्यांनी मला पाणी दिलं, मी ते पिऊन खाली आलो.

पण पत्र तर आलंच होतं. अधिकाऱ्याला पटलं नाही तर परवानगी रद्द, मुलगी परत त्या कडीबाहेर, आणि मी परत पहाटेच्या अंधारात. मला ते नको होतं. मला ती हवी होती, तिच्या सगळ्या उशिरासकट. म्हणून मी जय्यत तयारी ठेवली. पृथ्वीचा गोल समोर, पुस्तकं उंचीनुसार, मी सकाळपासून इस्त्रीच्या शर्टात. शेजारच्या कुणी बेल वाजवली तरी मी दार उघडताना म्हणायचो, "हं, तर मग वनस्पतींना प्रकाश कशाला लागतो?" दूधवाल्यानं दोनदा विचार करून उत्तर दिलं. अधिकारी मात्र आले नाहीत. शेवटी शर्ट धुवायला टाकावाच लागला.

ज्या दिवशी टाकला, त्या दिवशी मुलीनं विचारलं, "बाबा, अंधारात आधी काही दिसत नाही आणि मग दिसायला लागतं, ते केव्हा लागतं?" प्रश्न उत्तम होता. घरात पूर्ण अंधार मिळेल अशी जागा एकच, आमचं कपड्यांचं मोठं कपाट. ती आत जाऊन बसली, मी बाहेरून दार लावलं आणि बनियनवर, जमिनीवर मांडी घालून कान लावून बसलो.

"काही दिसतंय का?"

"नाही."

"आता?"

"बाबा, सारखं विचारू नका ना."

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक बाई, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा दिवसभर जिने चढून दमलेला. त्यांच्या मागे काकू, आणि काकूंच्या मागे सेक्रेटरी, साक्षीदार लागला तर असावा म्हणून.

"बालकल्याण खात्यातून आले. मुलगी कुठे आहे?"

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही, आणि जेव्हा बोललो तेव्हा काय झालं ते वर आलंच आहे. "कपाटात," मी म्हणालो.

काकूंनी भिंतीला हात टेकला. सेक्रेटरी म्हणाले, "बघा." बाई काही न बोलता चपला काढून थेट आत गेल्या आणि त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आत, बायकोच्या कोटाखाली, गुडघ्यांना मिठी मारून आमची मुलगी. तिनं उजेडानं डोळे मिटले.

"अगं बाळा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बाहेर ये हं, घाबरू नकोस."

"अहो, लावा ना दार!" मुलगी कळवळून म्हणाली. "आत्ता कुठे बटणं दिसायला लागली होती. आता परत पहिल्यापासून."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बनियनच्या काखा झाकत प्रयोग समजावला. बाईंनी थोडा विचार केला आणि दार लावलं. काकू म्हणाल्या, "अहो, हे काय?" बाईंनी तोंडावर बोट ठेवलं आणि कपाटाशेजारी जमिनीवर बसल्या. मग काकूही गुडघे धरत बसल्या. सेक्रेटरी उभेच राहिले, पदाला शोभेल असे. बराच वेळ आम्ही सगळे एका बंद कपाटाकडे बघत होतो. आतून टकटक झाली, बाईंनी दार उघडलं, तेव्हा मुलगी गंभीर होती.

"आधी आईच्या कोटाची बटणं दिसतात," ती म्हणाली. "मग बाही. रंग दिसतच नाही. तो माहीत असतो म्हणून दिसल्यासारखा वाटतो."

बाई हसल्या. त्यांनी तिला जवळ बसवलं, काय काय वाचतेस, काय खातेस, असं विचारलं. मग म्हणाल्या, "आणि तुला काय हवंय? घरी शिकायला आवडतं, की शाळेत जायला आवडेल?"

मुलगी विचार करू लागली.

तिचा विचार सुरू झाला की माणसांना राहवत नाही. काकू म्हणाल्या, "सांग हं, अगदी मोकळेपणी." सेक्रेटरी म्हणाले, "घरी म्हणजे कसं—" मी हात वर केला. अगदी वाहतूक पोलिसासारखा. सगळे थांबले. बाईही थांबल्या, पेन खाली ठेवून. मला मनातून खात्री होती. इतक्या सकाळी आम्ही एकत्र काढल्या होत्या, तिला एकदाही कुणी कडीबाहेर ठेवलं नव्हतं. मी शांतपणे 'घरी' या शब्दाची वाट बघत होतो.

"घरी छान वाटतं," मुलगी म्हणाली.

मी काकूंकडे बघून घेतलं. तिचं बोलणं मात्र संपलं नव्हतं.

"पण शाळेत मी शेवटची यायचे. इथे मी एकटीच येते." तिनं आणखी थोडा विचार केला. "मला शेवटची चालेल."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. बाईंनी लिहून घेतलं, मला बाजूला बोलावलं. "मुलगी उत्तम आहे. हरकत घेण्यासारखं काही नाही, परवानगी वर्षभर चालू राहील. पुढचं तुम्ही आईवडिलांनी ठरवा." म्हणजे मी जिंकलो होतो. इतका मोठा विजय मिळवून इतका पडेल चेहरा झालेला माणूस त्यांनी पूर्वी पाहिला नसावा. दाराशी जाऊन त्या परत वळल्या आणि म्हणाल्या, "आणि कपाटाला आतून उघडेल अशी कडी बसवून घ्या."

रात्रीचं जेवण झाल्यावर मी बायकोला म्हटलं, "लहान आहे ती. तिला काय कळतंय काय हवं ते?"

"ती बोलायच्या आधी एवढा वेळ घेते," बायको ताटं उचलत म्हणाली, "की नंतर तिच्या बोलण्यात दुरुस्ती करायला काही उरत नाही."

"मग माझ्या सकाळींचं काय?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी म्हणायला गेलो होतो वेगळंच, अभ्यासक्रमाबद्दल.

बायकोनं ताटं खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी हे कधी सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं असं दिसलं.

मग काय, इस्त्रीचा शर्ट घालून मुख्याध्यापिकांकडे गेलो. त्यांनी आधीच सांगितलं, "मागे पडेल हो ती."

"पडू द्या," मी म्हणालो. "पहिला नंबर, दुसरा नंबर, काही नको. ती पोचेपर्यंत फक्त वर्गाचं दार लावू नका. आमच्यात शेवटची गाडी आगारात आल्याशिवाय फाटक बंद करत नाहीत."

मग त्यांनी वर्गशिक्षिकेला बोलावलं. बोलणी बरीच लांबली, त्यात माझा स्वाभिमान एक-दोनदा दुखावला गेला, पण शेवटी 'प्रयत्न करून पाहू' एवढ्यावर दोन्ही पक्ष आले. वर्गशिक्षिका जाता जाता म्हणाल्या, "तिची जागा मी कुणाला दिलेली नाही." हे त्या मागच्या वेळी बोलल्या असत्या तर मी इतका भांडलो नसतो.

सोमवारी तिला शाळेत सोडलं. पोचायला उशीर झालाच. बेकरीवाल्यानं आम्हाला दप्तरासह जाताना पाहिलं आणि दुकानातून ओरडला, "काय हो, आता शाळेत का?" मी उत्तर दिलं नाही.

घरी आलो. बेसिनच्या कडेला तिचा ब्रश होता. टेबलावर सबंध निघालेली संत्र्याची साल, ती मी उचलली नाही. कामाला निघायला दुपार व्हायची होती, आणि मला काहीही सुचेना. काकू वरून डोकावून म्हणाल्या, "घर अगदी खायला उठलं असेल ना? मी तरी सांगत होते, घरी बरी होती." मी चप्पल घातली आणि सरळ शाळेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिलो.

मधली सुट्टी झाली होती. मैदानावर नुसता कल्ला. मी गजांना धरून शोधू लागलो आणि ती मला काही केल्या दिसेना. माझ्या खांद्यावर एक हात पडला. शाळेचा पहारेकरी होता.

"काय हो? बराच वेळ बघतोय मी. मुलांकडे काय बघत उभे आहात?"

"माझी मुलगी आहे आत," मी म्हणालो.

"सगळे तेच सांगतात. कुठली, दाखवा."

कल्याणाची काळजी वाहणाऱ्या माणसांची मला एव्हाना सवय झाली होती, पण आता संशयित मी होतो. तेवढ्यात घंटा झाली. मैदानभर पसरलेली मुलं एकदम उसळून जिन्याकडे धावली, आणि क्षणात मैदान रिकामं झालं. मग झाडाच्या बाजूनं, डब्याचं झाकण बोटांनी दाबून बघत, आमची मुलगी निघाली. वाटेत थांबली. पुन्हा चालू लागली. वर्गाचं दार अजून उघडं दिसत होतं.

"ती बघा," मी पहारेकऱ्याला म्हणालो. "सगळ्यांच्या मागून चाललीय ना, ती माझी."

पहारेकऱ्यानं डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं.

"त्या दोघींतली कुठली?" त्यानं विचारलं.